विसाव्याच्या पुढे

"माझ्या चपला कुठायत?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई ओट्यावर गुडघे टेकून ह्यांच्या छातीवरच्या वायरी काढत होत्या. त्यांनी मान वर केली. "चपला कशाला, काका?"

"खाली गाडीपातूर अनवानी जाऊ व्हय?"

"जायचंय. पण चालायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही."

"मंग काय उडत?"

ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, सदरा घामानं अंगाला चिकटला होता, पण जीभ आपली जागेवर होती. हे म्हणजे माझे मिस्टर. नाव घ्यायला मला आता लाज वाटत नाही, पण सवयही नाही. सगळी वाडी त्यांना बापू म्हणते, तुम्हीही म्हणा.

बरीच वर्षं झाली त्याला. मार्गशीर्षातली सकाळ होती आणि खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. पेंढी आपटता आपटता हे मध्येच थांबले आणि ढिगाला टेकून खाली बसले. "घास अडकल्यावानी झालंय," म्हणाले. आमच्या वाडीत छातीत दुखलं की पहिला मान वाताचा. चुलतदीर सर्जेराव सोडा आणायला पळाले. थोरले दीर नाना ओवा शोधायला लागले. त्यांच्या बायकोनं, माझ्या वत्साक्कानं, खोबरेल चुलीवर गरम करायला ठेवलं. शेजारच्या हिराकाकी तेवढ्या काही शोधायला गेल्या नाहीत. त्यांनी ह्यांच्या कपाळाला हात लावला, ओला झालेला हात लुगड्याला पुसला आणि मला म्हणाल्या, "शालन, अँब्युलन्स बोलीव. सोडा-बिडा ऱ्हाऊ दे. माझ्यावानी करू नगंस."

काकींच्या घरी काय झालं होतं ते वाडीला ठाऊक होतं. त्यांच्या मालकांच्या, आबांच्या, छातीत दुखायला लागलं तेव्हा आबा आपल्या पायांनी पांद, म्हणजे झाडीतली अरुंद वाट, उतरून खाली रस्त्यावर गेले. माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये ताठ बसले. जीपवाल्यानं अशी गाडी हाणली, अशी हाणली, की त्याचं कौतुक अजून निघतं. तालुक्याला पोचल्यावर "उतरा आबा" म्हटलं, तर आबा उतरेनात. त्यावरून वाडीनं धडा काढला तो एवढाच, की जीप अजून जोरात हाणायला पाहिजे होती.

आबांची तिरडी ह्यांनीच बांधली. वाडीतल्या सगळ्यांचीच हे बांधायचे. कुणी गेलं की निरोप आधी आमच्या दारात यायचा, मग लेकीबाळींना. हे कोयता घेऊन बांबूच्या बेटातला ओला कळक तोडायचे, आडवे बांबू घालायचे, सुतळीच्या गाठी मारायचे आणि उचलायची वेळ झाली की पुढच्या डाव्या दांड्याला उभे राहायचे. ती जागा त्यांचीच. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. काही माणसं लग्नात पंगतीला वाढतात, तसे हे तिरडी बांधायचे.

तर गाडी आली. आमची वाडी उतारावर. गाडी येते शाळेपर्यंत, तिथून वर पांदीचीच वाट. डॉक्टर मुलाणी बॅग घेऊन चढून आल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या, धापा टाकत. मागं ड्रायव्हर महिपती, एका खांद्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर, दुसऱ्या हातात घडीचं स्ट्रेचर. बाईंनी ह्यांना गोळ्या चावून खायला लावल्या, नाकातोंडावर मास्क लावला, मशिनीतून कागदाची पट्टी काढली आणि तिचा फोटो कराडला पाठवला.

"हृदयाला रक्त नेणारी एक नळी तुंबलीय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आता काका चालले की हृदय जास्त राबणार, जास्त रक्त मागणार. ते येणार कुठून?"

"म्हंजे मोटर चालू आन् पाइपात गाळ," सर्जेरावभाऊजी म्हणाले.

"अगदी तसंच."

"मंग मोटर जळती."

"म्हणून तिला कमीत कमी राबवायचं. काकांना झोपवून न्यायचं." बाईंनी स्ट्रेचरची घडी उलगडली. दोन लांब दांडे आणि मध्ये केशरी कापड.

ह्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मास्क बाजूला केला. "त्याच्यावर मी झोपनार न्हाई."

"का?"

ह्यांनी मास्क परत तोंडावर ओढला. सर्जेरावभाऊजींनीच खाकरून सांगितलं, "बाई, त्याचं काय हाय, आमच्यात चौघांनी उचलून दाराभाईर काडला की त्यो मानूस परत येत न्हाई. आन् बापूंचा ह्यातला अब्यास दांडगा."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. जणू ह्या माणसाचं बटण कुठून बंद होतं ते मला माहीत आहे.

मी ह्यांच्यापुढं बसले. "लग्नात घोड्यावर बसायलाबी असंच न्हाई म्हनाला हुता. बसलासा का न्हाई?"

"ते येगळं."

"काय येगळं? तवाबी घाम फुटलेलाच की."

ह्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग कळ आली असावी, कारण डोळे मिटले आणि माझं मनगट गच्च धरलं. जरा वेळानं म्हणाले, "करा काय करायचं ते."

त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. बाईंनी छातीवरून आणि मांड्यांवरून पट्टे आवळले. ह्यांचा हात लगेच त्या पट्ट्यांवर गेला.

"गाठ कसली मारली?"

"गाठ नाहीये. हे दाबलं की सुटतं." बाईंनी ह्यांचा अंगठा धरून बकल दाबलं. पट्टा सुटला. परत लावला. "उतारावर घसरू नये म्हणून फक्त."

चौघंजण पुढं झाले. चौघंही असे, की गावातलं एकही मर्तिक त्यांनी चुकवलं नव्हतं. सर्जेरावभाऊजी पुढच्या डाव्या दांड्याला. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण एका दमात स्ट्रेचर खांद्यावर गेलं.

"अहो, एवढ्या उंच कशाला?" बाई म्हणाल्या, पण ते निघाले होते.

आणि अंगणाचं अंगणच बदललं. खळ्यावरचे गडी टोप्या काढून उभे राहिले. बोलणं थांबलं. बायका जिथं होत्या तिथंच थबकल्या. मीही. माझ्या हातात ह्यांची शाल होती, ती त्यांच्या अंगावर टाकायची होती. पण पाय उंबऱ्याच्या पुढं जाईनात. आमच्यात बाई दारापर्यंतच. ही काही ती वेळ नाही हे मला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. पुढचं मला नीट आठवत नाही. वत्साक्कानं माझे खांदे धरले होते एवढं आठवतं.

आमच्या अंगणातून पांद दिसते. झाडीत शिरते, परत बाहेर येते. मी शाल छातीशी धरून बघत होते. खाली जाणारी ती चाल आम्हाला सगळ्यांना पाठ होती. एका लयीत, न बोलता. डॉक्टरीणबाई कडेनं, बांधाला घासत, एक हात ह्यांच्या हाताशी ठेवायला धडपडत चालल्या होत्या. खांद्यावरच्या माणसाच्या हातापर्यंत त्यांचा हात पुरत नव्हता.

पांदीच्या मध्यावर विसावा आहे. मोठा सपाट दगड. ओढ्याकडं नेताना तिरडी तिथं क्षणभर टेकवतात, पुढचे मागं जातात, मागचे पुढं येतात आणि मग परत उचलतात. कधीपासूनची रीत आहे कोण जाणे. आजारी माणसाला खाली न्यायची वाट तीच, आणि मेलेल्याची तीच. वाडीला दुसरी वाटच नाही.

ते चौघं विसाव्यापाशी आले. आणि थांबले. आणि त्यांनी ह्यांना त्या दगडावर टेकवलं.

पुढचे दोघं मागं जायला वळले, मागचे दोघं पुढं यायला. अर्ध्यात आल्यावर सर्जेरावभाऊजी जागच्या जागी खिळले. इतक्या वरून मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण डोक्यावर आपटलेला हात दिसला.

"थांबलात का?" डॉक्टरीणबाईंचा आवाज वरपर्यंत आला. आणि लगेच दुसरा, किंचाळल्यासारखा, "काका! उठू नका! झोपा, झोपा!"

हे उठून बसले होते. ते बकल त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

मी पळाले. पांदीत मी इतकी वर्षं डोक्यावर भारे घेऊन चढले-उतरले असेन, पण अशी पळाले नव्हते. माझ्या मागं वत्साक्का, तिच्या मागं हिराकाकी आणि काकींची सून रेश्मा. आम्ही पोचलो तेव्हा ह्यांचा एक पाय दगडावरून खाली आला होता. मास्क गळ्यात. ओठ निळसर. बाई त्यांचे दोन्ही खांदे धरून होत्या आणि हे त्यांना ढकलत होते.

"सोडा. मी चालतो. मला चालत जाऊ द्या."

"बापू, चुकलं रं," सर्जेरावभाऊजी रडकुंडीला आले होते. "पाय आपोआप थांबलं. आईची आन, मुद्दाम न्हाई."

"मला म्हाईताय," हे म्हणाले. "माझंबी थांबलं असतं. म्हनूनच मी चालतो."

"एक पाऊल टाकलंत तरी काहीही होऊ शकतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता डॉक्टरचा राहिला नव्हता. "काका, मी पाया पडते तुमच्या."

मी ह्यांच्यापुढं उभी होते. घोड्याचं एकदा वापरून झालं होतं.

तेवढ्यात हिराकाकी पुढं झाल्या. सगळ्यात शेवटी पोचल्या होत्या, पण दम खायला थांबल्या नाहीत. त्यांनी सर्जेरावभाऊजींच्या दंडाला धरून बाजूला सारलं. "सरका रं. समदे बाप्ये सरका."

"काकी—"

"सरक म्हनलं न्हवं?" मग ह्यांच्याकडं वळल्या. "बापू, हिकडं बग. ह्या वाडीत बाईनं कदी मढ्याला खांदा दिलेला बगितलास?"

ह्यांनी मान हलवली. नाही.

"बाकीच्या वाड्यांत?"

"न्हाई."

"माझा धनी न्हेला तवा मला कुटवर येऊ दिलं?"

"दारापातूर."

"व्हय. दारापातूर." काकींनी पदर खोचला. "आता आमी उचलतो. आमी उचललं म्हंजे तू मढं न्हाईस. हिशेब साफ हाय. झोप गप."

मग सर्जेरावभाऊजी हळूच म्हणाले, "पन काकी, वजान हाय. बायकांना झेपायचं न्हाई."

"तुज्या म्हशीचा भारा डोंगरावरनं कोन आनतं रं? तू?"

मागं कुणीतरी फसकन हसलं. अशा वेळी हसू यावं ह्याची त्यालाच लाज वाटली असावी, कारण पुढं खोकला आला. पण ते हसू ह्यांच्यापर्यंत पोचलं. ह्यांनी काकींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खाली सोडलेला पाय वर घेतला. आपण होऊन आडवे झाले.

"कुणीही उचललं तरी मला चालेल," बाईंनी पट्टे आवळता आवळता घाईनं सांगितलं, "पण खांद्यावर नको. हातात, खाली. माझा हात पोचला पाहिजे. आणि धक्का नको."

पुढं काकी आणि वत्साक्का. उशाला मी आणि रेश्मा. आम्ही पदराचे शेव तळहाताला गुंडाळले, दांडे धरले आणि उचललं.

भरलेली घागर घेऊन उतरायची एक रीत असते. गुडघा आधी वाकतो, मग पाऊल पडतं, तेही तिरकं. कमरेच्या वरचा भाग जागचा हलत नाही. ती आम्हाला कुणी शिकवली नाही, पाणी सांडलं की परत खाली जावं लागतं म्हणून ती आपोआप येते. तसे आम्ही उतरलो. फक्त गप्प राहणं आम्हाला जमलं नाही.

"भावजी, तुमी यवढं जड कवापास्नं झालासा?" वत्साक्कानं पुढूनच विचारलं.

"तुमच्याच... भाकरी," मास्कमधून आवाज आला.

"बोलू नका," बाई म्हणाल्या.

"आगं वत्सला, तुजी बाजू खाली चाललीया. उचल!"

"माजी न्हाई, तुमची वर चाललीया काकी. उंची बगा की तुमची."

"रेश्मा, त्यो धोंडा बग. धोंडा, धोंडा!" वत्साक्कानं मागं न बघता सांगितलं.

"दिसतोय मला. तुमी नका हलवू. आत्याबाई, त्या काकूंना सांगा, मलाच वरडत्यात सारख्या," रेश्मा सासूला म्हणाली.

"वत्साक्का, दमानं घ्या, तुमास्नी काय बाजार गाठायचाय का?" हे मी. मला दम लागला होता, दंड भरून आले होते, आणि मी थोरल्या जावेला भर पांदीत ओरडत होते. पुरुष मागून येत होते, हातात हात धरून, लग्नातल्या बायकांसारखे. हे खाली उताणे, डोकं माझ्या पोटाशी. त्यांनी डोळे वर केले की मी त्यांना उलटी दिसत असणार. ते पापणी न हलवता बघत होते. विसाव्यापासून शाळेपर्यंत त्यांनी हालचाल केली नाही.

गाडीशी पोचलो तर सगळी वाडी गाडीत चढायला तयार. बाईंनी एकटीला परवानगी दिली, मला. सर्जेरावभाऊजींनी मोटारसायकल काढली. "म्होरं जाऊन वाट मोकळी करतो. महिपती, बिगीबिगी हाण गाडी. सोडू नगंस."

"तुमी मागनं या," महिपती शांतपणे म्हणाला, "आन् होरन वाजवू नका. पेशंट हाय आत, नवरदेव न्हाई."

तो गाडी अशी चालवत होता की मला त्याचा राग यायला लागला. प्रत्येक खड्ड्याला वेग कमी, प्रत्येक गतिरोधकाला जवळजवळ थांबणं. शेवटी मी म्हणालेच, "बाई, जरा जोरात घ्यायला सांगा की. आमच्या आबांना जीपवाल्यानं किती लवकर न्हेलं हुतं, तरी..." आणि मग मीच गप्प बसले. किती लवकर नेलं होतं, तरी.

बाई हातातल्या सुईवरून नजर न काढता म्हणाल्या, "धक्के बसले की त्यांचं दुखणं वाढतं, मावशी. आणि मला काही करता येत नाही. आपल्याला लवकर पोचायचंय, पण ह्यांना घेऊन पोचायचंय."

घाटाच्या वळणावर मशिनीतला आवाज बदलला. टिक टिक चाललं होतं, त्याची एकदम गडबड झाली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. माझ्या हातातला त्यांचा हात सैल पडला.

"महिपती, गाडी थांबवा! बाजूला घ्या!"

"थांबवू नका!" मी ओरडले. "थांबवू नका हो, चालू ठेवा, थांबवायची न्हाई!"

गाडी थांबली. घाटात एवढी शांतता असते हे मला माहीत नव्हतं.

"मावशी, हात सोडा त्यांचा. सोडा. कुणी शिवू नका."

मी हात सोडला. इतक्या वर्षांत मला तेवढं एकच काम सांगितलं गेलं होतं जे मला जमणार नाही असं वाटलं, पण सोडला. विजेच्या झटक्यानं ह्यांचं अंग उसळलं आणि खाली पडलं. बाई लगेच त्यांच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवून दाबायला लागल्या, सगळ्या अंगाचं वजन टाकून. महिपती मागचं दार उघडून आत आला, तोंडावर हवा भरायचा फुगा धरला. गाडी उभी होती म्हणूनच ते दोघं उभे राहू शकत होते, हे मला तेव्हासुद्धा दिसलं. चालत्या जीपमध्ये आबांच्या छातीवर असे हात कुणी ठेवले असते?

परत एकदा, "कुणी शिवू नका." परत अंग उसळलं. मग मशिनीत टिक. मग जरा थांबून टिक. ह्यांना खोकला आला.

बाईंनी कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले. "काका? ऐकू येतंय?"

ह्यांनी डोळे गाडीच्या छतावरून फिरवले. मग, "कुठं... आलो?"

"अजून रस्त्यातच आहोत."

"मंग... चला की."

कराडच्या दवाखान्यात दारातच माणसं तयार होती, बाईंनी वाटेतून फोन केलेला. तुंबलेली नळी त्यांनी त्याच दिवशी आत फुगा घालून उघडली. ते आत असताना डॉक्टर मुलाणी माझ्या शेजारी बाकावर बसल्या. निघायचं होतं त्यांना, पुढचा फोन येणारच होता, पण बसल्या. चहा घेतला.

"तो दगड कसला होता हो मावशी?"

मी सांगितलं. विसावा म्हणजे काय, पुढचे मागं का जातात, बायका कुठवर येतात. त्या कपाकडं बघत राहिल्या.

"आमच्यातही बायका खांदा देत नाहीत," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि जाताना माझ्या लाल झालेल्या तळहातावर अंगठा फिरवला. "बर्फ लावा याला."

हे वॉर्डात आले. चार घास खायला लागले. मुलगा पुण्याहून आला, लेक आली, सगळी भेटून गेली. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी मोसंबी सोलत होते. हे छताच्या पंख्याकडं बघत होते.

"तुला वाटलं आसंल, मी मरायला भ्यालो."

"न्हाई वाटलं," मी म्हणाले. वाटलं होतं.

"म्होरल्या दांड्याला आसतो मी. मागं बघायचं नसतं. पर ऐकू येतं." ते थांबले. अजून बोलताना थांबावं लागत होतं. "उचललं ना, की दारातली बाई एक आवाज काढती. रडनं न्हवं ते. रडनं मागनं येतं. त्याच्या आदी एकच. एवडासा. तिला म्हाईतबी नसतं. गावाला ऐकू जात न्हाई. म्होरल्याला जातो."

मी मोसंबीच्या फोडीचा दोरा काढत राहिले.

"हिराकाकीचा ऐकला. सर्जेरावच्या आईचा ऐकला. समद्यांचा. प्रत्येकीचा येगळा. घरी येऊन आंगुळ केली तरी जात न्हाई. तवाच ठरीवलेलं. तुजा ऐकायचा न्हाई. आपन आपलं चालत जायचं, कुठंबी जायचं आसंल तरी."

मला उंबरा आठवला. शाल आठवली. "मंग?" मी विचारलं. "मी काढला?"

"काढलास."

वॉर्डात कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मी फोड पुढं केली, त्यांनी घेतली नाही.

"ईसाव्यापातूर त्योच डोस्क्यात. दुसरं काय ऐकूच येत न्हवतं, त्या बाईंचंबी न्हाई." ते माझ्याकडं वळले. "मंग तू उशाला आलीस. धापा टाकत हुतीस. वत्सलावैनीला काय बोलत हुतीस गं? बाजार?"

"गाठायचाय का, असं."

"हां. ते." त्यांनी आता फोड घेतली. "ते ऐकत पडलो. तुजा दम. जवळ, डोस्क्यावर. त्या आवाजाच्या वर त्यो बसला. आता आटवायला गेलो, तर दमच ऐकू येतो."

तेव्हापासून आमच्या वाडीत आजाऱ्याला खाली बायका नेतात आणि मेलेल्याला पुरुष. कुणी ठराव केला नाही. बाळंतीण अडली, कुणाचा पाय मोडला, म्हाताऱ्याला दमा चढला, हाक बायकांना येते. विसाव्यापाशी आम्ही थांबत नाही, दम लागला तरी तो दगड मागं टाकून मग टेकतो. सर्जेरावभाऊजी मागून छत्री धरायला असतात.

हे परत तिरडी बांधायला लागले. मी नको म्हणाले, डॉक्टरांनी कळक तोडू नका सांगितलं. कळक आता दुसरे तोडतात, गाठी हेच मारतात. मला वाटलं, सगळं होतं तसं झालं.

मग नाना गेले. झोपेत, शांतपणे. थोरला भाऊ. ह्यांनी तिरडी बांधली, नेहमीसारखी, ओठ मिटून. उचलायची वेळ झाली. पुढचा डावा दांडा रिकामा ठेवून सगळे ह्यांची वाट बघत उभे राहिले. ह्यांनी सर्जेरावभाऊजींना खूण केली. त्यांना कळलं नाही. ह्यांनी त्यांचा हात धरला आणि दांड्यावर ठेवला. आणि स्वतः मागं फिरले, माणसांच्या मधून वाट काढत दारापाशी आले, जिथं वत्साक्का उभी होती आणि मी तिला धरून होते.

नानांना उचललं. वत्साक्कानं तो आवाज काढला. मी त्याच्या एवढ्या जवळ होते, तरी ह्यांनी सांगितलं नसतं तर मला तो कळला नसता. हे मान खाली घालून ऐकत उभे राहिले. पूर्ण ऐकला त्यांनी.

माणसं पांदीत उतरली. विसाव्यावरून सर्जेरावभाऊजींनी वळून हाक मारली, "बापू, येतायसा न्हवं?"

ह्यांनी हात वर केला. "तुमी व्हा म्होरं."

आणि उंबऱ्यावर, वहिनींच्या शेजारी, खाली बसले.